बरणी वाळली का?

मंडळी, लोणचं घालायच्या दिवशी कैरी कोणती आणि मोहरी किती, यावर घरात सगळेच बोलतात. बरणी धुऊन उन्हात वाळवायचं काम एखाद्याच्याच गळ्यात पडतं. आत पाण्याचा थेंब राहिला की लोणचं मुरायच्या आत बुरशी धरतं. मी गेली कित्येक वर्षं या बरण्या वाळवतोय, म्हणजे लायब्ऱ्यांची, इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या संचांची, पॅकेजेस बांधतोय. क्रिप्टोग्राफीचं, म्हणजे माहिती गुप्त ठेवण्याचं, गणित तपासायला मोठमोठी माणसं बसतात, तेवढ्याच कसोशीने पॅकेजही तपासलं पाहिजे, हे मला आज सांगायचंय.

२००६ साली डेबियन या लिनक्सच्या एका अवतारात काय झालं ते ऐका. ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीतल्या काही ओळी न भरलेली मेमरी वाचतात, अशी व्हॅलग्राइंड या तपासणीच्या साधनाची तक्रार येत होती. पॅकेज सांभाळणाऱ्याने मूळ प्रकल्पाच्या मंडळींना विचारलं आणि दोन ओळी कॉमेंट करून, म्हणजे बंद करून, टाकल्या. तक्रार थांबली. पण त्यातल्याच एका ओळीतून गुप्त किल्ल्या बनवायचा सगळा अनिश्चिततेचा कच्चा माल आत जात होता. ती बंद झाल्यावर हाताशी उरला फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक, आणि तो ३२,७६८ च्या पुढे जात नसे. म्हणजे एका जातीच्या यंत्रावर, एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या जगभरात मिळून जेमतेम तेवढ्याच! कुणीही बसून सगळ्या बनवून ठेवाव्यात. मूळ ओपनएसएसएलमध्ये हा दोष नव्हताच. तो डेबियनच्या पॅकेजात होता, तिथून डेबियनवर बेतलेल्या उबुंटूत गेला, आणि मे २००८ मध्ये लुसियानो बेल्लो यांनी पकडेपर्यंत तसाच राहिला.

त्या आठवड्यात मी एका कंपनीचे सर्व्हर बघत होतो. कच्च्या किल्ल्या शोधणारी ‘एसएसएच-व्हल्नकी’ नावाची छोटी आज्ञा आली होती. ती चालवली की किल्लीच्या नावापुढे कॅपिटल अक्षरांत ‘कॉम्प्रमाइज्ड’ उमटायचं. एकामागून एक ओळी तशाच येत गेल्या. मी वरिष्ठांकडे गेलो, म्हटलं, सगळ्या किल्ल्या आज बदलायला हव्यात. ते म्हणाले, “चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?” नुसतं अपडेट टाकून भागत नाही, जुन्या किल्ल्या कच्च्याच राहतात, हे समजावण्यात तीन दिवस गेले. तीन दिवस दार उघडं होतं! ते आठवलं की आजही मला राग येतो. दुरुस्त पॅकेज आलं म्हणजे काम संपलं, असं आजही कुणी म्हणालं की मी तिथेच थांबवतो.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली आहेत. ‘एक लायब्ररी, तीन ऑपरेटिंग सिस्टिम’ हा विषय कबूल केला होता, तो आता भराभर सांगतो. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेची ‘क्रिप्टोग्राफी’ लायब्ररी घ्या, ती ओपनएसएसएलच्याच जोरावर चालते. लिनक्सवर जुन्या जीलिबसीशी, म्हणजे तिथल्या पायाभूत सी लायब्ररीशी, बिल्ड केलेलं नव्यावर चालतं, उलटं चालत नाही. म्हणून ‘मेनीलिनक्स२०१४’ हे व्हील, म्हणजे पायथॉनचं आयतं पॅकेज, सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर, जीलिबसी २.१७ धरून बांधतात. अल्पाइन या लिनक्समध्ये जीलिबसी नाही, तिच्या जागी मसल आहे, त्याला व्हील वेगळं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘क्रिप्टोग्राफी’च्या ३.४ आवृत्तीत रस्ट या भाषेतला कोड आला, तेव्हा अल्पाइनसाठी तयार व्हील नव्हतं. पॅकेजं उतरवणारं पिप मग सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून घ्यायचं आणि त्याचा प्रोग्राम बनवणारा रस्टचा कम्पायलर सापडत नाही म्हणून अडून बसायचं. जुन्या पिपला नव्या व्हीलची नावंच ओळखता येत नव्हती, तिथेही तेच. विंडोजवर बहुतेकांकडे कम्पायलर नसतो, म्हणजे तिथेही तयार व्हीलच लागतं. मॅकवर ॲपलने २०११ मध्येच सिस्टिममधलं ओपनएसएसएल वापरू नका म्हणून सांगितलं, आणि २०२० पासून चिपही दोन जातींच्या झाल्या.

या सगळ्यावर तोडगा म्हणून व्हीलच्या पोटातच ओपनएसएसएल भरून देतात. मला हा तोडगा मान्य आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. उद्या ओपनएसएसएलमध्ये भोक सापडलं की ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट त्या पोटातल्या प्रतीपर्यंत पोचत नाही. लायब्ररी बांधणाऱ्यांनी नवं व्हील काढायचं, आणि तुम्ही ते उतरवून घ्यायचं. यातलं एक जरी राहिलं तरी भोक तसंच राहतं.

उद्या कामावर गेलात की पायथॉन उघडा. ‘एसएसएल’ मॉड्यूलला त्याची ओपनएसएसएल आवृत्ती विचारा, मग ‘क्रिप्टोग्राफी’च्या बॅकएंडला, म्हणजे आत काम करणाऱ्या भागाला, विचारा. आकडे बऱ्याचदा वेगळे निघतात, कारण एकाच प्रोग्राममध्ये दोन ओपनएसएसएल बसलेली असतात. दोन्ही आकडे वहीत लिहा, आणि त्यातलं प्रत्येक अपडेट करायचं काम कुणाचं, त्या माणसाचं नाव पुढे लिहा.