शून्य आला, पण कुणाचा?

[महापे, एमआयडीसी. रात्रीचे अडीच. बाहेर पाऊस, आत एसीची घरघर.]

कमांड दिली, एंटर दाबलं, आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही. नवा माणूस इथेच बिचकतो. पण युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची रीतच ती, काम झालं की गप्प बसायचं.

जाताना मात्र प्रत्येक कमांड मागे एक आकडा ठेवते, 0 ते 255 मधला. शून्य म्हणजे झालं. शाळेत शून्याचा मार खाल्लेल्यांना हे पचत नाही. पण बिघडायच्या तऱ्हा अनेक, म्हणून उरलेले सगळे आकडे त्यांच्या वाट्याला. 127 आला तर शेलला, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, ती कमांड सापडलीच नाही. 126, सापडली पण चालवता आली नाही.

[पडद्यावर बोटं, जवळून.]

मागच्या कमांडचा आकडा विचारायचा असा: इको, डॉलर, प्रश्नचिन्ह. आला 127. आता तेच पुन्हा विचारतो. शून्य! हा शून्य मघाच्या इकोचा, तीही एक कमांडच. पहिला आकडा गेला तो गेलाच. म्हणून विचारायचं ते लगेच.

आणि 1 आला की दचकायचं नाही. शब्द शोधून देणाऱ्या ग्रेपला शब्द मिळाला नाही तरी तो 1 देतो. खरी गडबड असेल तर 2.

[कोपरखैरणे स्टेशन, सकाळ. शेअर रिक्षाची रांग.]

आता माझी फजिती. एका ऑफिसात रात्रीचा बॅकअप माझ्याकडे होता. डेटाबेसचा डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची नक्कल, पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट पुढचीला देणारी उभी रेघ) फाइल आवळून लहान करणाऱ्या जीझिपकडे, पुढे दोन अँड (आधी शून्य आला तरच पुढचं), आणि लॉगमध्ये ओळ: ‘बॅकअप झाला’. रोज इथे उतरलो की फोनवर ती ओळ बघायची आणि निवांत कटिंग मारायचा. एके दिवशी सहज फाइलचा आकार बघितला. 20 बाइट.

कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. डम्प रोज दारातूनच परत फिरत होता. एरर जात होता ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या मेलमध्ये, आणि तो मेल कोण उघडतो? जीझिप बिचारा रिकाम्या इनपुटचीही इमानदारीत घडी घालून शून्य देत होता. पाइपलाइनचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सुचलं नव्हतं.

[पुन्हा महापे. स्क्रिप्टची पहिली ओळ.]

बॅश या शेलमध्ये उपाय एका ओळीचा: सेट, वजा ओ, पाइपफेल. मग मधली कमांड पडली तरी शून्य येत नाही.

आत्ता आला तो शून्य खरा आहे. तरी फाइलचा आकार बघतो, थांबा.