फी माफ, पण आधी भरा

(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘सार्वजनिक विद्यापीठांत मोफत शिक्षण: हक्क की सवलत?’ त्यावर येतोच. पण समोरच्या निम्म्या घरांत यंदा बारावी आहे, हे चेहऱ्यांवरून कळतंय. तेव्हा आधी कागदपत्रांचं बोलू.

8 जुलै 2024 चा शासन निर्णय तुम्हाला ठाऊक आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 50 ऐवजी 100 टक्के माफ. शासकीय, अनुदानित, विनाअनुदानित महाविद्यालयं आणि सार्वजनिक विद्यापीठं त्यात आली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं नाही आली. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश मात्र कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावर जागा घेतलीत की माफी गेली. ‘कॅपमध्ये मनासारखं कॉलेज नाही मिळालं, नंतर थेट घेऊ’ म्हणणारे पालक इथं अडकतात.

आता ते 8 लाख. नॉन-क्रीमीलेअरचे, म्हणजे ओबीसी आरक्षणासाठी ‘सधन गटात नाही’ या दाखल्याचे 8 लाख वेगळे आणि फीमाफीचे 8 लाख वेगळे! नॉन-क्रीमीलेअर काढताना पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. फीमाफीला सगळ्या मार्गांनी आलेलं सगळं मोजतात. वडील लिपिक, आई शिक्षिका, दोघांचे मिळून 12 लाख: मुलीला ओबीसीतून प्रवेश मिळतो, फीमाफी मिळत नाही. आणि भांडण होतं ते खिडकीवरच्या बिचाऱ्या क्लार्कशी.

दाखला तहसीलदारांचा लागतो, नुसता फॉर्म 16 चालत नाही. आपले सरकार केंद्रात अर्ज करा. सोबत रेशनकार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र, पगारदारांनी फॉर्म 16, शेतकऱ्यांनी सातबारा आणि आठ-अ, आणि तलाठ्यांचा अहवाल. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. सहीला लागणारा वेळ जुनाच आहे. (हशा) जूनमध्ये सगळं गाव त्याच रांगेत असतं, म्हणून एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. आणि दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आजच बघा. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचं नाव गायब, एवढ्यावर महाडीबीटीवरचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज परत येतात.

पण खरी गंमत बँकेत आहे, कारण फी आधी भरावी लागते आणि माफीचे पैसे मागाहून खात्यात येतात. तिथं मी जरा रेंगाळणार आहे. बँकेत विचारलं, ‘आधार जोडलंय का?’ तर उत्तर येतं, ‘हो.’ ते खरंही असतं. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं जोडलेलं असतं. सरकारी पैसा मात्र एनपीसीआय या देशातल्या बँक व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीप्रमाणे जातो, आणि त्या नोंदीत एका आधारला एकच बँक असते: शेवटी जिथं आधार सीडिंग केलं, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधार जोडलं ती. मुलीनं मधल्या काळात मोबाईलच्या दुकानात पाच मिनिटांत एखादं खातं उघडलं आणि तिथं संमतीच्या चौकोनात टिक केली, की नोंद तिकडे वळते. पासबुक घेऊन आई जिल्हा बँकेत फेऱ्या मारते, पैसे बसलेत भलतीकडेच. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ असतं, तिथं बँकेचं नाव दिसतं. फॉर्म भरण्याआधी ते पाहा.

दुसरी अडचण कमी लोकांना माहीत असते. पुरेशी कागदपत्रं न घेता उघडलेल्या ‘छोट्या खात्या’त वर्षभरात 1 लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. अभियांत्रिकीची मोठी रक्कम तिथं अडकू शकते. पूर्ण केवायसी करून घेतली की प्रश्न मिटतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीत, जिथं उत्पन्नमर्यादा अडीच लाखच आहे, केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो 7 दिवसांत कॉलेजात भरायचा असतो. ज्या घरात किराणावाल्याची उधारी थकलीय, तिथं 7 दिवस काय होत असेल?

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. म्हणजे अध्यक्षीय समारोप धरून चार. (हशा) तर, हक्क की सवलत.

आधी भरा, मग मिळेल, याला मी माफी म्हणत नाही. गरिबानं सरकारला दिलेलं ते बिनव्याजी कर्ज आहे. ज्याच्याकडे भरायला पैसे आहेत त्यालाच मग माफी परवडते. कॉलेजांना झोडपून उपयोग नाही. सरकारकडून रक्कम उशिरा आली तर तेही पगार कुठून देणार? मुलींच्या निर्णयासाठी सुमारे 906 कोटींचा वाढीव भार सरकारनं जाहीर केला होता, म्हणजे अंदाज बांधता येतो. मग गेल्या वर्षीच्या लाभार्थ्यांच्या संख्येवरून निम्मी रक्कम प्रवेशाआधीच कॉलेजांना द्या, वर्षअखेरीस हिशोब जुळवा आणि प्रवेशाच्या पावतीवर शिक्षण शुल्काच्या रकान्यात शून्य छापा.

दुसरं, विकास शुल्क, अनामत, जिमखाना हे माफीत नाही, खोली आणि मेस तर नाहीच. विद्यापीठाच्या विभागात एमए करणाऱ्या मुलीला शिक्षण शुल्क मुळात थोडं असतं, मेसचं बिल मोठं. फीमाफीच्या मुख्य योजनेला नाव राजर्षी शाहूंचं आहे, आणि शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं होतं. गावाकडच्या मुलाचं शिक्षण कशानं अडतं ते त्यांना कळलं होतं. वसतिगृहाच्या जागा न वाढवता फी माफ करणं म्हणजे निम्मं काम.

तिसरं, घाईत सांगतो: 8 लाखांवर एक रुपया गेला की पूर्ण फी. तिथं पायऱ्या हव्यात. 10 लाखांपर्यंत निम्मी, असं काही. आणि त्याच घरातल्या मुलाला अजून 50 टक्केच. बहीण-भाऊ एकाच ताटात जेवतात, उत्पन्नाचा दाखला एकच, मग... बरं, थांबतो. ज्यांना दाखल्यांचं विचारायचंय त्यांनी चहाच्या टेबलाकडे या.