वीस फुटांचं गाव

नमस्कार, श्रोतेहो.

जूनचा पहिला आठवडा आठवा. शाळा तोंडावर आलेली, बाहेर पावसाची भुरभुर, आणि वडिलांचा हात धरून आपण काळे बूट घ्यायला निघालोय. दुकानावर लाल अक्षरांत पाटी : बाटा. बूट एक माप मोठे घ्यायचे, पुढे कापूस कोंबायचा, म्हणजे दोन वर्षांची निश्चिंती. आणि किंमत? ती नव्व्याण्णववर संपायची. माझं ठाम मत आहे की त्या सुट्या रुपयानं आपल्या देशातली जितकी माणसं फसली, तितकी कुठल्या बुवानंही फसवली नसतील. असो.

आपल्यापैकी अनेकांना बाटा हे इथलंच नाव वाटतं. ते आहे झेक माणसाचं. आणि आज मी बोलणार आहे ते त्या माणसाच्या बुटांबद्दल नाही, बुटांसाठी वसवलेल्या त्याच्या गावाबद्दल. गावाचं नाव झ्लिन.

टोमाश बाटा, त्याचा भाऊ आणि बहीण अशा तिघांनी १८९४ साली तिथं चपला-बुटांचा धंदा काढला. तेव्हाचं झ्लिन म्हणजे मोराव्हियातल्या, आजच्या झेक देशाच्या पूर्व भागातल्या, टेकड्यांमधलं एक लहानसं गाव. धंदा वाढला, कामगार येऊ लागले, त्यांनी राहायचं कुठं हा प्रश्न उभा राहिला. १९२३ साली टोमाश स्वतःच नगराध्यक्ष झाला. म्हणजे बघा, कारखाना त्याचा, घर त्याचं आणि नगरपालिकाही त्याचीच. नळाला पाणी आलं नाही तर तक्रार कुणाकडे करायची? त्याच्याचकडे. आमच्या सोसायटीत सेक्रेटरी आणि खजिनदार एकाच घरातले आहेत, एवढ्यावरूनही माझी झोप उडते.

पण गाव देखणं झालं, हे मानायला हवं. गाहुरा नावाचा स्थापत्यकार हाताशी होता. कारखान्याच्या इमारतींसाठी एक माप ठरलं : दोन खांबांमधलं अंतर सहा मीटर पंधरा सेंटिमीटर. आपल्या भाषेत वीस फूट. काँक्रीटचे खांब, मध्ये लाल विटा आणि मोठाल्या काचा. यंत्रं त्या वीस फुटांत बसायची. मग तेच माप शिकाऊ मुलांच्या वसतिगृहाला लागलं, शाळेला लागलं, दहा मजली दुकानालाही लागलं. लक्षात ठेवा, वीस फूट. हे माप पुढे परत येणार आहे. कामगारांची घरं मात्र वेगळी : लाल विटांची, सपाट छपराची ठोकळेवजा घरं, भोवती झाडं आणि गवत. काम सगळ्यांनी मिळून करायचं, राहायचं आपापलं, असा तिथला हिशेब.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगतो. घरी ही गोष्ट सगळ्यांची पाठ झाली आहे, म्हणून आज तुम्हाला पकडलंय.

१९३२ साली टोमाश विमान अपघातात गेला. कारभार आला सावत्र भावाकडे, यान बाटाकडे. यानला कंपनीची मुख्य कचेरी हवी होती. सोळा मजली, सत्याहत्तर मीटर उंच इमारत १९३८ साली उभी राहिली. कारखान्यातल्या इमारतींना क्रमांक असायचे, हिचा क्रमांक एकवीस, म्हणून नाव नुसतं ‘एकवीस’. अशा इमारतीत मालकाची खोली कुठं असते? सर्वांत वर. बरोबर ना? चूक. यान बाटाची खोली लिफ्टमध्ये होती.

नीट ऐका. लिफ्टमध्ये. खोलीत जाणारी लिफ्ट नव्हे, खोलीच लिफ्ट. टेबल, खुर्च्या, टेलिफोन, हवा गार ठेवायची यंत्रणा, आणि कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, तेही गरम आणि गार पाण्याचं. वरखाली फिरणाऱ्या खोलीत नळाला गरम पाणी! आमच्याकडे इमारत जागची हलत नाही, तरी चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही.

आता कल्पना करा. तुम्ही आठव्या मजल्यावरचे कारकून. डबा खाऊन जरा डोळा लागलाय. आणि भिंत उघडते. आत दिवा, आत टेबल, आणि टेबलामागे साक्षात मालक बसलेले. तुम्ही साहेबांच्या खोलीत जायचं नाही, साहेबांची खोलीच तुमच्याकडे येणार. काही जण सांगतात, कामगारांचा जिने चढण्याचा वेळ वाचावा म्हणून हे केलं. मला विचाराल तर ज्यानं हे सुचवलं त्यानं जन्मात दुपारची डुलकी काढली नसणार.

आणि त्या खोलीचं माप? सहा मीटर बाय सहा मीटर. दोन खांबांमधल्या त्याच वीस फुटांच्या चौकोनात ती बसवलेली. कातडं शिवणाऱ्या यंत्रासाठी जो चौकोन, त्याच चौकोनात मालकाची खुर्ची. गाव एका धंद्यासाठी आखलं की असं होतं, श्रोतेहो. धंद्याचं माप शाळेला लागतं, वसतिगृहाला लागतं, आणि शेवटी मालकालाही लागतं.

यानला त्या खोलीत बसायचं सुख काही लाभलं नाही. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा देशात शिरल्या आणि त्याच वर्षी तो देश सोडून गेला. पुढे ब्राझीलमध्ये गेला, आणि तिथंही गप्प बसला नाही, गावंच वसवत राहिला. युद्धानंतर कारखाना सरकारजमा झाला. १९४९ साली तर झ्लिनचं नावही पुसलं गेलं. कम्युनिस्ट अध्यक्ष गोटवाल्ड यांच्या नावावरून ते गोटवाल्डोव्ह झालं, आणि झ्लिन हे नाव परत यायला १९९० उजाडलं.

आपल्याकडचं बाटानगर याच साच्यातलं. कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी, १९३४ पासून वसलेलं. त्याच्यावर बोलायचं तर वेगळा वेळ लागेल, आणि समोरचं घड्याळ मला डोळे वटारतंय.

एवढंच सांगून थांबतो. ती ‘एकवीस’ नंबरची इमारत आजही उभी आहे. तिथं प्रांताची कचेरी आहे, आणि करखात्याचंही कार्यालय आहे. लिफ्टही चालू आहे. आलेल्या पाहुण्यांना त्या टेबलाशेजारी उभं करून वर नेतात, आणि बहुतेक जण आधी बेसिनचा नळ सोडून बघत असणार. मी तरी तेच करीन.

नमस्कार.