सूर्य खरोखर डोक्यावर केव्हा येतो?

नमस्कार, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो. दुपारी बारा वाजता सूर्य कुठे असतो, असे विचारले की बहुतेक जण क्षणाचाही विलंब न लावता ‘डोक्यावर’ म्हणून मोकळे होतात. मुंबईपुरते बोलायचे तर हे उत्तर वर्षातले 363 दिवस चुकते, आणि उरलेल्या दोन दिवशीसुद्धा सूर्य माथ्यावर येतो तो बाराच्या ठोक्याला नव्हे, तर साडेबारा उलटून गेल्यावर.

आधी दिवसांचे पाहू. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला कर्कवृत्तापर्यंत आणि दक्षिणेला मकरवृत्तापर्यंत सरकताना दिसतो. या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाच्या माथ्यावरून तो एकदा जाताना आणि एकदा परतताना जातो. गोवा आणि महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत, म्हणून हा योग आपल्याला वर्षातून दोनदा लाभतो. दिल्लीकरांच्या वाट्याला मात्र तो कधीच येत नाही. साधारणपणे 2-3 मे रोजी पणजी, 6-7 मे रोजी कोल्हापूर, 13-14 मे रोजी पुणे, 15 मेच्या सुमारास मुंबई आणि 26 मेच्या आसपास नागपूर, असा हा उत्तरेकडचा प्रवास चालतो. मेच्या मध्यावर त्याचा वेग दिवसाला साधारण 25 किलोमीटर पडतो, म्हणजे जुन्या काळच्या पायी वाटचालीएवढाच.

आता वेळेचे. आपली घड्याळे साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि मुंबई त्याच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, त्यामुळे मुंबईची माध्यान्ह सुमारे 39 मिनिटे मागे पडते. मे महिन्यात त्यातून तीन-चार मिनिटे वजा होतात, कारण पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही आणि तिचा अक्षही कललेला आहे. म्हणून तिथे 12 वाजून 35 मिनिटे ही वेळ येते, तर नागपूरला साधारण 12 वाजून 10 मिनिटे.

सूर्य नेमका माथ्यावर असला की सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुंध्यातच लपते, बाहेर दिसत नाही. हे पडताळून पाहण्यासाठी गच्ची, एक मीटर लांबीची सरळ काठी आणि गवंड्याकडचा ओळंबा एवढेच साहित्य लागते. ओळंब्याची गरज अशी की काठी एका अंशाने जरी कलली, तरी पावणेदोन सेंटीमीटर सावली पडते आणि सगळा प्रयोग फसतो. काठी ताठ असेल तर बारापासून पश्चिमेकडे पडलेली सावली हळूहळू बुंध्याकडे आखडत जाते, घटकाभर बुंध्यातच दडून बसते आणि मग पूर्वेकडून डोकावू लागते. काठीऐवजी पालथा घातलेला सरळ कडांचा पेलाही चालतो. आपल्याकडचे जुने ज्योतिर्विद सावली मोजण्याच्या याच कामासाठी शंकू, म्हणजे उभी रोवलेली खुंटी, वापरीत.

मे महिन्यातला दिवस हुकला तर दुसरी संधी मुंबईला 27-28 जुलैला मिळते. पण त्या दिवसांत कोकणच्या आभाळाचा भरवसा धरण्यात अर्थ नसतो. तेव्हा काठीचीच काय, डोक्यावरच्या छत्रीचीही सावली पडत नाही.