दादासाहेबांच्या घरातला सिनेमा

श्रोतेहो, नमस्कार. आज ३० एप्रिल, धुंडिराज गोविंद फाळके यांची जयंती. १८७० साली त्र्यंबकेश्वरला ते जन्मले. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांना सारेच ओळखतात. मला आज घरातल्या दादासाहेबांविषयी बोलायचं आहे, कारण त्यांचा सिनेमा आधी घरात घडला.

१९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. पैसे लावणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यावर कॅमेरा रोखून रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर ते रोप बघता बघता वर आलं! भांडवलाची सोय झाली. तरी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडायचे ते पडलेच.

या सरस्वतीबाईंचं नाव आपण फार कमी घेतो, याची मला खंत वाटते. तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसत. ती अंधारात, यंत्रावर, घरीच पाडावी लागत. एक जरी भोक हललं तरी पडद्यावर चित्र थरथरणार. हे नाजूक काम दादासाहेबांनी पत्नीला शिकवलं आणि विश्वासाने सोपवलं. दिवसा कंपनीतल्या सगळ्यांचा स्वयंपाक, चित्रणाच्या वेळी ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभं राहणं, आणि रात्री ही फिल्म. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो या कष्टांवर.

त्यात तारामतीसाठी बाई मिळाली नाही, साळुंके नावाच्या तरुणाने ती भूमिका केली. रोहिदास मात्र घरचाच, मुलगा भालचंद्र.

आणि १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये लेक मंदाकिनी कृष्ण झाली. चित्रपटाच्या सुरुवातीला ती नुसती कॅमेऱ्यासमोर बसून हसते, रुसते, रागावते. पौराणिक कथा सुरू होण्याआधी दादासाहेबांनी आपल्या मुलीचा चेहरा प्रेक्षकांना मनसोक्त पाहू दिला. मला त्यांच्या सगळ्या कामात हा तुकडा सर्वांत लाडका आहे. बापाला लेकीचं केवढं कौतुक असावं!

या चित्रपटाचा बराच भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला आहे. कुठे पाहायला मिळाला तर मुलांना, नातवंडांना शेजारी बसवून जरूर पाहा. नमस्कार.