तीस अँपिअरमध्ये कुकर: नॅचेझ ट्रेसवर आरव्हीचा मुक्काम

नमस्कार मंडळी,

आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन नॅचेझ ट्रेसला (अमेरिकेच्या दक्षिणेत जुन्या पायवाटेच्या मार्गाने जाणारा रस्ता) निघायचं ठरलं की आधी विजेचा हिशोब मांडा. रस्ता सरळ आहे: नॅचेझपासून नॅशव्हिलजवळपर्यंत ४४४ मैल, वेग बहुतेक ठिकाणी ५० मैल, आणि मागे जोडलेलं वाहन धरून लांबी ५५ फुटांच्या आत.

पार्क सर्व्हिसची (अमेरिकेची राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था) तिन्ही कॅम्पग्राउंड, म्हणजे मुक्कामाच्या जागा, (रॉकी स्प्रिंग्ज, जेफ बझबी, मेरिवेदर लुइस) फुकट आहेत. आरक्षण नाही, वीजही नाही. साध्या बॅटरीवर छतावरचा एसी चालत नाही, म्हणून जुलैत तिथे लहान मुलांना घेऊन राहू नये. उन्हाळ्यात नॅचेझ स्टेट पार्क गाठा, वीज-पाणी मिळतं.

तीस अँपिअरची जागा म्हणजे १२० व्होल्टने ३,६०० वॅट. १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे एसीच्या थंड करण्याच्या क्षमतेचं माप) एसी एकटाच १३ ते १५ अँपिअर घेतो, १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी १५. त्यात पाण्याचा हीटर विजेवर राहिला तर आणखी १२. कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत ब्रेकर पडतो. हीटर गॅसवर टाका, नाहीतर कुकर होईपर्यंत एसी बंद.

गाडीची केबल जोडण्याआधी जागेवरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर बंद करा, झाकण उघडून आत डोकवा. दक्षिणेत फायर अँट नावाच्या मुंग्या अशा पेट्यांत हमखास घर करतात. हात घालायची घाई नको. सॉकेट काळवंडलेलं दिसलं तर जागा बदलून मागा. मग सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण), मग केबल, शेवटी ब्रेकर. दुपारी सगळ्यांचे एसी सुरू झाले की व्होल्टेज उतरतं; १०४ च्या खाली गेलं तर एसी बंद करा, कॉम्प्रेसर जळतो.

पाण्याचा प्रेशर रेग्युलेटर नळालाच लावा, गाडीच्या टोकाला नाही. तरच होजही वाचते.

संडासच्या टाकीचा व्हॉल्व्ह कायम बंद. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि मैल्याचा ढीग आत वाळून बसतो. टाकी दोन तृतीयांश भरली की ती आधी सोडायची, धुण्याभांड्यांची नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. कढईतलं तेल आधी कागदाने पुसून घ्या. तेलाचा थर सेन्सरवर बसला की रिकामी टाकीही भरलेली दाखवते, आणि ही खास आपल्या स्वयंपाकघराची तक्रार आहे.

आता बघायचं काय? मैलांचे आकडे नॅचेझकडून मोजलेले. मैल १०.३ वर एमराल्ड माउंड, नॅचेझ लोकांच्या पूर्वजांनी रचलेला सुमारे ८ एकरांचा मातीचा चौथरा. १५.५ वर माउंट लोकस्ट ही जुनी सराई. तिथली गुलामांची दफनभूमी पाहिल्याशिवाय परतू नका. रॉकी स्प्रिंग्ज या गावात १८६० मध्ये पंचक्रोशी धरून २,६१६ माणसं होती. यादवी युद्ध, १८७८ चा पिवळा ताप आणि धुपलेली जमीन यांनंतर उरलं विटांचं चर्च. मैल ४१.५ ला गाडी उभी करून थोडं चाला. भुसभुशीत मातीत पावलांनी आणि खुरांनी जुनी पायवाट इतकी खोल गेली आहे की दोन्ही बाजूंची झाडांची मुळं डोक्याच्या वर येतात.