बातम्या संपायच्या तेव्हा

नमस्कार मंडळी. वाचनालयाने मला विषय दिलाय की वाईट बातम्यांच्या दिवसांत मन कसं सांभाळायचं, आणि मी काही डॉक्टर किंवा समुपदेशक नाही हे आधीच सांगते, पण बघून बघून जे पटलंय ते बोलते.

इथे बसलेल्या बऱ्याच जणांना सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या आकाशवाणी पुणेच्या प्रादेशिक बातम्या आठवत असतील. युद्ध असो, पूर असो, दहा मिनिटांत त्या संपायच्या आणि मग लोक आंघोळीला जायचे, डबे भरायचे. बातमी वाईट असली तरी तिला शेवट होता हो! आता शेवटच नाही. तीच क्लिप, तोच आवाज, खाली पट्टी पळतेय, बोट मोबाईलवर सरकतंय आणि रात्रीचा एक वाजलाय.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत हल्ला झाला तेव्हा आपण सगळे जवळजवळ तीन दिवस टीव्हीसमोर होतो, जेवणसुद्धा तिथेच. पुढे १५ एप्रिल २०१३ ला बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनमधल्या संशोधकांनी साडेचार हजारांहून जास्त लोकांना प्रश्न विचारले. जे नंतर आठवडाभर रोज सहा तास किंवा त्याहून जास्त त्या बातम्या बघत होते त्यांचा ताण प्रत्यक्ष तिथे हजर असलेल्यांपेक्षाही जास्त निघाला. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही, कारण माझी आत्या सांगलीची आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आत्या शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर होती, आणि आम्ही पुण्यात टीव्ही बघून थरथरतोय. फोन लागला तर ती सांगते, अगं शेजारच्या वहिनींकडे चहात घालायला आलं होतं थोडं, सगळ्यांना मस्त चहा केला, आता भेंड्या लावतोय पोरांबरोबर. घरात पाणी शिरलेल्या बाईचा आवाज आमच्यापेक्षा स्थिर होता! तिला दुःख नव्हतं असं अजिबात नाही, नंतर घर धुताना ती खूप रडली. पण त्या दिवशी तिच्या हातात करण्यासारखं काहीतरी होतं, चहा होता, समोर माणसं होती, आणि आमच्या हातात फक्त रिमोट.

म्हणून मी म्हणते छोटा आनंद असा शोधा ज्यात डोळे, कान, हात गुंतले पाहिजेत. नुसतं पॉझिटिव्ह विचार करा म्हणून काही होत नाही. कुणाला भाजी निवडताना बरं वाटतं, कुणाला जुनी गाणी लावून कपाटं आवरताना, कुणी रांगोळी काढतं. माझं म्हणाल तर तांबट.

तांबट म्हणजे चिमणीपेक्षा थोडा मोठा हिरवा पक्षी, कपाळ लाल, गळा पिवळा, त्याखाली पुन्हा लाल पट्टा. फेब्रुवारीपासून उन्हं तापायला लागली की टुक् टुक् टुक् सुरू, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसं, न थांबता. आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो पण पक्षी दिसलेला नसतो, कारण तो ओरडताना मान इकडून तिकडे वळवतो त्यामुळे आवाज नक्की कुठून येतोय कळतच नाही. आणि गंमत अशी की चोच बंद असते, नुसता गळा फुगतो! हे एकदा बघाच. सगळ्यात उंच झाडाचा वाळका शेंडा बघायचा, सकाळी तो तिथेच उन्हात बसतो. वड, पिंपळ, उंबराला फळं आली की हमखास येतो. वाळक्या फांदीला नर मादी दोघं मिळून भोक पाडतात, भुसा बाहेर टाकतात, त्यात अंडी. हे बघताना पाऊण तास कुठे जातो कळत नाही आणि तेवढ्या वेळात मोबाईलची आठवणसुद्धा येत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं की तिकडे माणसं मरतायत आणि आपण पक्षी बघायचे का, बरोबर वाटतं का हे. प्रश्न खरा आहे, मलाही टोचतो. पण मला असं दिसलंय की दिवसभर बातम्या बघून गळून गेलेला माणूस कुणासाठी काही करू शकत नाही. सांगलीला पाठवायच्या चपात्या लाटायला, कपडे वर्गवारी करायला आमच्या गल्लीतून ज्या बायका आल्या त्या टीव्ही बंद करूनच आल्या होत्या. बातमी वाचा, जरूर वाचा, एकदा सकाळी आणि वाटलं तर एकदा संध्याकाळी, मदत करता येत असेल तर करा, आणि मग ती बंद करा.

एक विनंती आहे. पावसाळ्याआधी सोसायट्यांमध्ये झाडांची छाटणी होते आणि वाळक्या फांद्या सरसकट काढतात. पार्किंगवर पडणारी असेल तर काढायलाच हवी, पण बाकीच्या फांद्यांना खालच्या बाजूला एकदम गोल भोक आहे का ते आधी बघा. असलं तर छाटणीवाल्याला तेवढी फांदी पिल्लं उडेपर्यंत ठेवायला सांगा, मीटिंगमध्येही बोला.